झरा आटू नये म्हणून

आष्टीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात टाकी आणि विहीर यांतील भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. टाकी टँकर येईल तेव्हाच भरते. जिवंत झरा असलेली विहीर उपसली तरी पुन्हा भरते. ख्रिस्ती जीवनात आत्म्याने जिवंत राहणे म्हणजे काय, हे याच भेदातून उलगडते. केवळ रविवारच्या उपासनेपुरती श्रद्धा टाकीतील पाण्यासारखी असते. देवाशी असलेला नित्य सहवास हा झरा होय.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशूने स्वतःला द्राक्षवेल व शिष्यांना फांद्या म्हटले आहे. तोडलेली फांदी काही काळ हिरवी दिसते, पण तिला फळ येत नाही. प्रकटीकरणाच्या ३ऱ्या अध्यायातील सार्दीसच्या मंडळीची अवस्था अशीच होती. जिवंत असल्याचा लौकिक होता, आतला ओलावा मात्र संपला होता. धर्मकार्याची धामधूम म्हणजे देवाची जवळीक नव्हे, हाच त्यातील इशारा.

हा प्रश्न आष्टीच्या शेजारच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एका मराठी कवीने जगून पाहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि कीर्तनांत आणली. तुकोबांची वाणी त्यांना ख्रिस्ताकडे नेणाऱ्या पुलासारखी वाटे. अध्यापन, प्रवचने, ‘ज्ञानोदय’चे संपादन अशी कामे सुरूच होती. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी तेथे एकत्र यावे, ही त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. दरबाराला फार काळ लाभला नाही; मात्र पद, पगार व प्रतिष्ठा असूनही अंतरीची ओढ भागत नाही, हे या निर्णयाने दाखवून दिले.

प्रत्येकाने नोकरी सोडावी, असा याचा अर्थ नव्हे. प्रार्थना, शास्त्रवाचन, पश्चात्ताप, प्रभुभोजन आणि गरजवंतांची सेवा ही जवळिकीची परंपरागत साधने आहेत. त्यांत प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी नव्हे. बोलण्याइतकेच ऐकणेही तीत येते. मन कोरडे पडण्याचे दिवस श्रद्धावंतांनाही येतात. स्तोत्रसंहितेतील भक्त अशा वेळी देवाकडे तक्रार करतो, पण त्याच्याशी बोलणे थांबवत नाही. कोरडेपणा म्हणजे मृत्यू नव्हे. संवाद तुटणे हा खरा धोका.

विहिरीत गाळ साचला की झरे बुजतात. पाणी खाली असतेच. गाळ मात्र नेमाने उपसावा लागतो.