विश्लेषण : एकक चुकले अन् यान हरवले, कंपन्यांना ‘स्टाइल गाइड’ का लागते?

‘०४/०५’ ही तारीख भारतात ४ मे, तर अमेरिकेत ५ एप्रिल अशी वाचली जाते. पुण्यातील अभियंत्याने लिहिलेली सूचना अमेरिकेतील ग्राहकाने वाचली, तर सर्व्हर बंद ठेवण्याचा दिवसच बदलू शकतो. असे घोळ टाळण्यासाठी कंपन्या तांत्रिक दस्तावेजांच्या लेखनाचे नियम ठरवतात. त्यालाच ‘स्टाइल गाइड’ म्हणतात.

‘नासा’च्या यानाचे काय झाले?

‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचले आणि कायमचे गप्प झाले. थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे न्यूटन-सेकंदात द्यावेत, असे दस्तावेजात स्पष्ट होते. जमिनीवरील संगणकप्रणालीने मात्र ते पौंड-बल सेकंदात दिले. दोन्हींत सुमारे ४.४५ पटीचा फरक. मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जाणे अपेक्षित असलेले यान सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेले. थोडक्यात, नियम होता. तो पाळला गेला की नाही, हे वेळेत कुणी पकडले नाही.

शब्दांचेही नियम असतात?

होय. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांमध्ये ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या तीन शब्दांचे अर्थ १९९७ मधील ‘आरएफसी २११९’ या दस्तावेजाने ठरवून दिले. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे ठोस कारण असल्याशिवाय टाळू नये आणि ‘मे’ म्हणजे ऐच्छिक.

विमान दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी तर ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ ही वेगळी नियमावलीच आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तंत्रज्ञालाही सूचना एकाच अर्थाने कळावी, हा तिचा हेतू. कृती सांगणारे वाक्य २० शब्दांपेक्षा मोठे नको आणि एका शब्दाचा एकच अर्थ, हे तिचे मुख्य नियम. उदाहरणार्थ, ‘क्लोज’ म्हणजे फक्त ‘बंद करणे’. ‘जवळ’ म्हणायचे असेल तर ‘निअर’.

इशारा कुठे लिहावा?

कृतीच्या आधी. ‘झाकण उघडा’ या ओळीनंतर ‘त्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याचा हात तोवर आत गेलेला असतो. अमेरिकेच्या ‘एएनएसआय झेड५३५’ मानकात इशाऱ्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. धोका टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तिथे ‘डेंजर’, होऊ शकत असेल तिथे ‘वॉर्निंग’, तर किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी ‘कॉशन’.

लहान कंपनीने काय करावे?

सुरुवातीला एक पान पुरते. तारीख ‘आयएसओ ८६०१’प्रमाणे वर्ष-महिना-दिवस अशी लिहावी. प्रत्येक आकड्यापुढे एकक हवे. लाख-कोटी की मिलियन, हे ग्राहकानुसार ठरवावे. एका पायरीत एकच कृती द्यावी. दस्तावेजावर आवृत्ती क्रमांक आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असावे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, दस्तावेज पाठवण्यापूर्वी तो दुसऱ्या कुणीतरी या पानाशी ताडून पाहावा.