उजव्या हाताला सुई, पुढ्यात ताट

वरूडकडचा सत्तरी ओलांडलेला शेतकरी घरी हातपाय धुतो, खाली मांडी घालून बसतो आणि वरणात चुरलेली भाकर उजव्या हातानं खातो. तोच मोर्शीवरून अमरावतीच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात भरती झाला, की ताट खाटेवर येतं. पाठीला टेकण नाही, कवळी फडक्यात गुंडाळून पिशवीत, शेजारच्या खाटेखाली लघवीचं भांडं आणि सलाइनची सुई नेमकी उजव्या हाताला. डाव्या हातानं जेवणं त्याला जन्मात रुचलेलं नाही. दोन घास होतात, 'मले भूक नाई' म्हणून तो ताट सारतो आणि सगळ्यांना ते पटतं. ते इतक्या लवकर पटू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

भूक मंदावते, हे खरंच. वयानं वास-चव बोथट होते, काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, बिनमिठाचं वरण घशाखाली उतरत नाही. पण भूक नसणं वेगळं आणि खाता न येणं वेगळं. म्हातारी बाई तर रात्री कुणाला उठवायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणीही टाळते. ती भीड असते, अरुची नव्हे. अन्न समोर असून रोगी उपाशी राहतात, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ च्या पुस्तकातच लिहून ठेवलंय. या उपासाची किंमत मोठी आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर नेमून दिलेलं जेवण जेवूनही त्यांच्या पायांतला जवळपास १ किलो स्नायू गेला. मग आजारी आणि अर्धपोटी माणसाचं काय होत असेल? स्वित्झर्लंडच्या ८ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या २,०८८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांच्या आहाराकडे प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे लक्ष दिलं, त्यांच्यात ३० दिवसांतले मृत्यू ७ टक्के होते. नेहमीचं जेवण मिळालेल्यांत १० टक्के.

कुणी म्हणेल, आपल्याकडे जवळ नातेवाईक असतोच, डबाही घरचा येतो. येतो; पण संत्र्याच्या तोडीत पोरगा अडकला की डबा दुपारी तीनला पोचतो, तोवर भाकर वातड झालेली असते. शिवाय राउंड आला की आधी नातेवाइकालाच बाहेर काढतात. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. सोबतचा माणूस उपचाराचाच भाग आहे, ही समज तिच्यामागे आहे. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: एक सिस्टर किती खाटांना पुरेल? भरवायला माणूस लागतोच, तिथे माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ब्रिटनमध्ये जेवणाच्या वेळी तपासण्या थांबवतात, मदत लागणाऱ्याला लाल ट्रे देतात. नुसती वेळ राखून मात्र खाणं फारसं वाढत नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं. मला त्यात नवल वाटत नाही. दार बंद केल्यानं हातातली सुई थोडीच निघते! पाठीमागे उशी, तोंडात कवळी, नजरेआड भांडं, यांना मात्र जादा माणूस लागत नाही.

घरचं म्हातारं माणूस भरती कराल तेव्हा सुई टोचायच्या आधीच सिस्टरला सांगा: जमत असेल तर डाव्या हाताला लावा, उजव्यानं जेवायचंय.