मुलाला शिकवणी केव्हा हवी?

प्रगतिपुस्तक हाती आले आणि एखाद्या विषयाखाली तांबडी रेघ दिसली, की घरात पहिला उद्गार निघतो तो "आता शिकवणी लावलीच पाहिजे" हा. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी चौकशी होते, आठवड्याच्या आत मास्तर ठरतात आणि मुलाच्या खेळण्याच्या वेळेवर पाणी पडते. औषध आणण्यापूर्वी रोग ओळखावा, हा नियम आपण आजारपणात पाळतो. अभ्यासाच्या बाबतीत मात्र तो बहुधा विसरतो.

चेन्नईत बदलीवर गेलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. परंतु त्याच शहराच्या इतिहासात एका मराठी मुलाच्या शिक्षणाची अशी एक हकीकत आहे, की जिच्यातून आजच्या आईबापांनीही पुष्कळ घेण्यासारखे आहे.

तंजावरचा राजपुत्र

तंजावरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ साली नऊ वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले. त्याच वर्षी मृत्युशय्येवर असताना त्यांनी या मुलाची काळजी वाहण्याची विनंती जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांना केली. पुढे गादीवर अमरसिंग बसले आणि मुलाचे दिवस फिरले. त्याला राजवाड्यात जवळजवळ कोंडूनच ठेवण्यात आले. मोकळी हवा नाही, पुरेसा उजेड नाही आणि शिक्षणाची तर वार्ताच नाही. कोणी परक्या माणसाने त्या वेळी त्याला पाहिले असते, तर मूल मंद आहे असेच म्हटले असते.

श्वार्ट्झ यांनी तसे म्हटले नाही. मुलाची बुद्धी शाबूत आहे, अडले आहे ते त्याच्या भोवतालच्या परिस्थितीत, हे त्यांनी ओळखले आणि कंपनी सरकारकडे दाद मागितली. १७९३ साली सरफोजीला राण्यांसह मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. १७९८ साली सरफोजी राजे गादीवर आले. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी वैभव आणले, तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि शाळा काढल्या. ज्याला लहानपणी अक्षरांपासून दूर ठेवले होते, त्याच्याच हातून हे घडले.

या हकीकतीतील पहिली पायरी कोणती? शिक्षक शोधणे ही नव्हे. मूल कोठे आणि कशाने अडले आहे हे ओळखणे, ही ती पायरी होय.

अडले कोठे?

समजा, पुण्याहून चेन्नईस आलेल्या एका घरातील चौथीची मुलगी तमिळमध्ये नापास झाली. तमिळनाडूच्या २००६ च्या कायद्याने तमिळ हा विषय पहिलीपासून क्रमाक्रमाने सक्तीचा होत गेला. तेव्हा तो टाळून चालत नाही. आई म्हणते, मुलगी लक्ष देत नाही. पण वही उघडून पाहावे. क, ख, ग, घ या चारही वर्णांना तमिळ लिपीत एकच अक्षर आहे. उलट 'न' या उच्चाराला दोन अक्षरे असून 'ण' त्याहून निराळा. मराठी कानाने ऐकून लिहिणारी मुलगी तेथे चुकणारच. तिच्या वर्गातील बाकीच्या मुलांच्या कानी ही भाषा जन्मापासून पडलेली. हिच्या घरात ती कोणालाच येत नाही. शाळेला मागे वळून पाहण्यास सवड नाही आणि घरच्यांना साह्य करण्याइतके ज्ञान नाही. अशा वेळी शिकवणी खरोखरच हवी. मात्र ती तमिळची, सर्व विषयांची नव्हे.

यावरून काही खुणा ध्यानात येतात. एकाच जातीची चूक पुनःपुन्हा होते काय? पाचवीचा मुलगा अपूर्णांकांत चुकत असेल, तर बहुधा त्याचा भागाकार कच्चा असतो. खालचा दगड निसटला की वरची भिंत कलते. एकाच विषयाच्या दिवशी सकाळी पोट दुखते काय? त्याच विषयाची वही लपविली जाते काय? आपण स्वतः शिकवावयास बसलो म्हणजे रोज रडण्यात शेवट होतो काय? दोन-तीन महिने ही चिन्हे टिकून राहिली, तर बाहेरच्या माणसाचे साह्य घेण्यात कमीपणा नाही. एका परीक्षेतील गुण घसरले, एवढे कारण मात्र पुरेसे नव्हे.

जेथे शिकवणीचा उपयोग नाही

काही मुलांना फळ्यावरची अक्षरे दिसत नसतात. त्यांना मास्तर नको, चष्मा हवा. काहींना ऐकू कमी येते, काहींची झोप अपुरी असते. काही मुले बोलण्यात चतुर असूनही वाचताना सतत अडखळतात, अक्षरांची उलटापालट करतात. हा आळस नसून वाचनदोष, म्हणजे डिस्लेक्सिया, असू शकतो. त्यासाठी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते. चेन्नईत मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था १९९० नंतरच्या दशकापासून या कामी झटत आहे. अशा मुलाला नेहमीच्या पद्धतीचा आणखी एक तास देणे म्हणजे दुखऱ्या पायाला आणखी चालावयास लावणे होय.

शिकवणी लावताना

शिकवणी ही शाळेला पूरक असते, तिची जागा घेऊ शकत नाही. करोनाच्या साथीत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने 'इल्लम तेडि कल्वि', म्हणजे घर शोधत येणारे शिक्षण, ही योजना सुरू केली. पहिली ते आठवीच्या मुलांना वस्तीतल्याच स्वयंसेवकांनी, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, संध्याकाळी तास-दीड तास शिकवावे, अशी ती योजना. ग्रामीण भागातील सुमारे १९,००० मुलांच्या पाहणीत असे दिसले, की शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत बुडालेल्या अभ्यासापैकी दोन-तृतीयांश भरून निघाला आणि या भरपाईतील सुमारे चौथा हिस्सा संध्याकाळच्या वर्गांचा होता. बाकीचे काम रोजच्या शाळेने आणि घराने केले, हे विसरू नये.

म्हणून प्रथम वर्गशिक्षकांना भेटावे आणि मूल नेमके कोठे अडते ते विचारावे. त्यांनाच पैसे देऊन शिकवणीस बोलावू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवणी करण्यास मनाई आहे. शिकवणाऱ्याला मुलाच्या जुन्या वह्या दाखवाव्यात आणि उद्दिष्ट स्पष्ट सांगावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. खेळाची वेळ शक्यतो मोडू नये. तीन महिन्यांनी पुन्हा वही उघडून पाहावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलाशी बोलावे. "तुला काही येत नाही म्हणून मास्तर येणार," असे म्हटले तर ते मूल मान खाली घालूनच धड्याला बसेल. "तू येथे अडला आहेस, येथून पुढे जायला हे तुला हात देतील," असे सांगितले तर तेच मूल स्वतःहून पाटी-पुस्तक पुढे ओढील. ज्या दिवशी ते "आता माझे मला जमते" म्हणेल, त्या दिवशी शिकवणी आनंदाने बंद करावी. तिचे सार्थक त्यातच आहे.