पडद्यावरची शहरे (भाग ७) : वास्तूला कारण हवे

शहर वसवण्याच्या खेळांत पाणी, वीज, कर आणि वाहतूक यांचा हिशेब किती काटेकोर असतो, ते मागच्या भागांत पाहिले. एक नळ कमी पडला तर अख्खी वस्ती ओस पडते. जगप्रसिद्ध ऐतिहासिक वास्तूंची पाळी आली की मात्र हाच काटेकोरपणा गळून पडतो. ‘सिमसिटी ३०००’ (१९९९) या खेळात आयफेल मनोरा नकाशावर फुकट ठेवता येई आणि ठेवल्यावर शहराच्या कारभारात काहीही बदलत नसे. ‘सिमसिटी ४’मध्ये (२००३) अशा वास्तूंना किंमत आणि देखभालीचा खर्च आला. ‘सिटीज : स्कायलाइन्स’च्या (२०१५) डिलक्स आवृत्तीत आयफेल मनोरा, ब्रांडेनबुर्ग दरवाजा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अशा पाच वास्तू आल्या आणि त्यांच्यामुळे पर्यटक वाढू लागले. ही प्रगती खरी, पण ती तिकीटखिडकीपाशी थांबली. माझे म्हणणे असे, की एखादी ऐतिहासिक वास्तू खेळात आणायची असेल तर ती ज्या गरजेतून उभी राहिली ती गरज आणि तिने शहरावर टाकलेला भार हे दोन्ही तिच्याबरोबर यायला हवेत. ही जोडी सुटली की हाती केवळ चित्र उरते.

आयफेल मनोऱ्याचेच पाहू. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तो उभारला गेला, आणि परवाना होता फक्त २० वर्षांचा. त्यानंतर तो उतरवला जाणार होता. बांधकाम सुरू होताच, १८८७ मध्ये, पॅरिसमधल्या नामवंत कलावंतांनी वर्तमानपत्रातून त्याचा जाहीर निषेध केला. ऑपेरा भवनाचा वास्तुकार शार्ल गार्निए, संगीतकार गुनो आणि कथाकार मोपासाँ यांच्या त्यावर सह्या होत्या. मनोरा टिकला तो पुढे उपयोगी पडला म्हणून. गुस्ताव्ह आयफेलने तिथे हवामानाची निरीक्षणे आणि हवेच्या दाबाचे प्रयोग सुरू केले. बिनतारी संदेशवहन आले तेव्हा सुमारे ३०० मीटर उंचीचा तयार खांब लष्कराला फार मोलाचा वाटला आणि परवान्याची मुदत वाढली. आज ज्याला आपण पॅरिसची ओळख म्हणतो ते मुळात नापसंतीला तोंड देत उभे राहिलेले तात्पुरते बांधकाम होते. हा इतिहास खेळात कितीतरी निर्णय निर्माण करू शकतो. प्रदर्शन भरवायचे की नाही? नागरिकांची नाराजी किती काळ सोसायची? मुदत संपेपर्यंत मनोऱ्याला नवे काम सापडले नाही तर तो पाडायचा का? यातला प्रत्येक प्रश्न नगरपालिकेपुढचा खरा प्रश्न आहे, आणि फुकट मिळणाऱ्या मनोऱ्यात यातला एकही उरत नाही.

हे जमण्यासारखे आहे याचा पुरावा १९९९ मध्येच मिळाला होता. इम्प्रेशन्स गेम्स या कंपनीच्या ‘फॅरो’ या खेळात पिरॅमिड एका टिचकीने उभा राहत नाही. त्यासाठी दगडाच्या खाणी लागतात, सुतार आणि गवंडी यांचे संघ लागतात, दगड ओढायला शेकडो हात लागतात. हे हात येतात शेतकऱ्यांचेच. एकाच छावणीतले मजूर नाईलकाठच्या शेतावरही जातात आणि बांधकामावरही, त्यामुळे धान्य आणि पिरॅमिड यांची सांगड खेळाडूलाच घालावी लागते. प्रत्यक्ष इतिहासही याला दुजोरा देतो. लाल समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या काळातले पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याची टोळी तुरा इथल्या खाणीतला चुनखडक होडीतून गिझाला पोचवत होती, आणि पुन्हा माघारी येऊन नवा माल भरत होती. म्हणजे जगातले सर्वांत प्रसिद्ध बांधकाम त्याच्या नोंदीत वाहतुकीचे वेळापत्रक बनून येते. खेळाच्या कर्त्यांपुढे ही रोजनिशी नव्हती, तरीही त्यांनी पिरॅमिडचा विचार माणसे, होड्या आणि धान्य यांच्या अंगाने केला, आणि तो बरोबर ठरला.

आता आपल्याकडच्या वास्तूंकडे येतो, कारण या खेळांत भारताच्या नावाने बहुतेक वेळा ताजमहालाचीच आठवण होते. माझी पहिली शिफारस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि दशकभर चालले. त्यावरची कोरीव नक्षी घडवण्यात जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते. २००४ मध्ये ते युनेस्कोच्या वारसायादीत आले. पण खेळाच्या दृष्टीने त्याचा घुमट ही शेवटची गोष्ट आहे. आधी बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ ची गाडी आहे. मग अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१–६५) तिथला कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ वर गेले आणि देशावरचा माल थेट बंदरात उतरू लागला. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि शहराला पसरायला जागा मिळाली. ही साखळी पुरी झाल्याशिवाय हे स्थानक कोणत्याही खेळात खुले होऊ नये. घाट चढलेला नाही, बंदरात माल नाही, तट पाडलेला नाही, तर एवढ्या मोठ्या स्थानकाची गरजच कुणाला? आणि घाट चढतानाची किंमतही त्यात यावी. बोरघाटात हजारो मजूर मेले, त्यांतले बरेचसे पटकीने. त्यांची नोंद खेळाच्या हिशेबात नसेल तर घुमट दाखवण्याचा अधिकार त्या खेळाला नाही, असे मला ठामपणे वाटते.

दुसरी शिफारस लखनौच्या बड्या इमामबाड्याची. १७८४ च्या दुष्काळात नवाब असफुद्दौलाने लोकांना काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले. त्याचा मधला दालनखंड तुळईच्या आधाराविना उभा आहे. तो बांधकामाचा चमत्कार आहेच, पण खेळाला त्याहून उपयोगी गोष्ट त्यामागचे धोरण आहे. बहुतेक खेळांत मोठी वास्तू भरभराटीचे बक्षीस म्हणून मिळते. इथे ती संकटावरचा उपाय म्हणून येते : पीक बुडाले, तिजोरी आटत चालली, आणि नेमक्या त्याच वेळी मोठे काम काढायचे. महाराष्ट्राला हे धोरण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्यापासून पाझर तलावांपर्यंत जी कामे निघाली त्यांतून रोजगार हमी योजना घडत गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या अनुभवावर बेतलेला नियम आपल्याकडच्या खेळाडूला लगेच उमजेल.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. इमामबाडा हे श्रद्धेचे ठिकाण आहे. त्याला ‘रोजगार अधिक पाच’ अशी गुणसंख्या चिकटवणे योग्य आहे का? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यावर तोडगाही आहे. जिथे आजही उपासना चालते तिथे उपासनेला गुण देऊ नयेत. बांधकामाचे अर्थकारण तेवढे खेळात घ्यावे. तेही नको वाटले तर जोधपूरचे उमेदभवन आहे. दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी १९२९ मध्ये सुरू झालेला हा राजवाडा १९४३ मध्ये पुरा झाला. धोरण तेच, आणि देवधर्माचा प्रश्न नाही. दुसरा आक्षेप खेळाडूंचा असतो : माणूस विरंगुळ्यासाठी खेळतो, त्याला मनासारखे शहर सजवू द्या. जरूर सजवू द्या. मुक्त खेळाचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतोच, तिथे ताजमहाल समुद्रकाठी ठेवला तरी बिघडत नाही. पण नियम आले म्हणजे मजा गेली, हे खरे नाही. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये (२०१६) पेत्रा बांधायला वाळवंटी किंवा पूरमैदानाचीच जागा लागते, त्या एका अटीमुळे एरवी नकोशी वाटणारी ओसाड जमीन खेळाडू मुद्दाम शोधत फिरतो.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे. प्रत्येक वास्तूला स्वतंत्र नियम दिले तर ते करायला वेळ आणि पैसा अफाट लागेल. यावर उत्तर एकच : वास्तू कमी घ्या. पन्नास पुतळ्यांपेक्षा चार कामाच्या वास्तू पुरेत, आणि निवडताना पाणी, धान्य, वाहतूक यांच्याशी नाते असलेल्या घ्याव्यात, कारण ती यंत्रणा खेळात आधीच तयार असते. म्हणूनच माझी शेवटची शिफारस पुण्याची आहे, आणि ती शनिवारवाड्याची नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावांचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणले. ना पंप, ना इंधन. सगळी भिस्त उतारावर. वाटेत तपासणीसाठी आणि हवा मोकळी होण्यासाठी उच्छ्वास बांधलेले, आणि शेवटी वाड्यासाठी व पेठांसाठी हौद. खेळात ही वास्तू आणणे सोपे आहे. तलाव शहरापेक्षा उंचावर असला तरच नळ खुला व्हावा. हौदाच्या आसपास पेठ वाढावी. खेळाडूने नळाच्या पातळीच्या वर वस्ती केली तर तिथे पाणी चढू नये. उच्छ्वासांवर कुणी इमारत बांधली तर गाळ साचावा आणि खालचे हौद हळूहळू आटत जावेत. यातले काहीही नव्याने शोधावे लागत नाही. उतार, नळ आणि वस्ती यांची गणिते आजच्या अनेक खेळांत आहेत. पुढच्या भागात याच नळाच्या आधाराने, जमिनीचे चढउतार खेळात कसे मोजले जातात ते पाहू.