संहती : ठोकून घट्ट झालेला शब्द

मंडळाच्या तरुण गटाला नाव हवे होते. 'एकमेकांना धरून राहणे' या अर्थाचा जरा वेगळा शब्द सुचवा, असा निरोप आला. एकी, एकजूट, एकोपा हे शब्द निमंत्रणपत्रिकांवर वापरून गुळगुळीत झाले आहेत, म्हणून मी 'संहती' सुचवला. लगेच विचारणा झाली : 'संहिता' म्हणायचे आहे का?

नाही. संहितेत 'धा' म्हणजे ठेवणे हा धातू आहे. एकत्र ठेवले, झाली संहिता. संहतीत 'सम्' या उपसर्गापुढे 'हन्' आहे, आणि हन् म्हणजे मारणे, ठोकणे! हत्या, आघात, कृतघ्न ही सारी त्याच धातूची प्रजा. (हन्‌मधला 'ह' पुष्कळदा 'घ' होतो.)

ऐक्याच्या शब्दात मारामारी कशी शिरली? उत्तर कोकणातल्या खळ्यात आहे. पाऊस सरला की घरापुढचे अंगण नव्याने करतात. माती पसरायची, पाणी शिंपडायचे आणि ओल असतानाच चोपण्याने चोपत सुटायचे. हात भरून येतात. पण सुटी माती हळूहळू एकमेकीला धरते. मग शेणाने सारवून त्यावर भात झोडा, नाहीतर तुळशीचे लग्न लावा. नुसती पसरलेली माती पायाखाली उडून जाते.

पाणिनीने 'संघ' आणि 'घन' हे दोन्ही शब्द हन्‌पासूनच साधले आहेत. लोहाराचा घण तोच, घनदाटमधला घन तोच. ठोकतो तोही घन आणि ठोकून भरीव होते तेही घन! इतका प्रामाणिक शब्द मला दुसरा आठवत नाही.

कार्यक्रमाचे निवेदन मराठीत असावे की इंग्रजीत, यावर आपल्याकडे दोन वर्षे वाद चालू आहे. काही कुटुंबांनी येणेच सोडले. वाद टाळले की एकी टिकते, असे माझ्या वयाच्या अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. मात्र चोपायचे ते ओल असताना. माती वाळल्यावर चोपली तर भुगाच होतो. त्या कुटुंबांना या दिवाळीतच फोन केलेला बरा.

उच्चार अवघड आहे, अशी तरुणांची तक्रार आहे. बंगालीत हाच शब्द 'शोंहोती' म्हणून वर्तमानपत्रांत आणि मोर्च्यांत सर्रास चालतो. शेजारच्या बंगाली मुलांना विचारून पाहा.