टाकीवरचा नंबर आणि बाजारातला भाव

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की फाटकाबाहेर मोटारसायकलींची रीघ लागते. रोहा तालुक्यातील गावांत आज बहुतेक घरांपुढे एखादी तरी दुचाकी उभी असते आणि ती गरजेचीच आहे. शेतावर खत न्यायचे, दूध घालायचे, पोरांना शाळेत सोडायचे, रात्रपाळीला जायचे, हे सारे तिच्यावरच चालते. पण अलीकडे गावोगावी एक वेगळीच विचारणा होते. भाताचे, बोनसचे किंवा जमिनीच्या मोबदल्याचे पैसे हाती आले की घरातला मुलगा म्हणतो, "बाबा, साधी गाडी नको, लिमिटेड एडिशन घेऊ. थोड्याच गाड्या काढतात, पुढं भाव वाढतोच." म्हणजे गाडीची गाडी आणि ठेवीची ठेव. वडिलांना यातले फारसे कळत नाही, आणि मुलाचे मन मोडवत नाही.

प्रश्न दोन-अडीच लाखांचा असतो. एवढ्या पैशात विहिरीची दुरुस्ती होते, पॉवर टिलरला हातभार लागतो. तेव्हा अशा गाडीचा भाव खरोखर टिकतो का, याचा हिशेब मांडलेला बरा.

तीन मिनिटांत संपलेल्या गाड्या

लिमिटेड एडिशन म्हणजे कंपनीने ठरावीक संख्येतच काढलेली गाडी. इंजिन बहुधा नेहमीचेच असते. रंग, चिन्हे आणि टाकीवरचा क्रमांक वेगळा असतो. आपल्याकडचे गाजलेले उदाहरण म्हणजे रॉयल एनफिल्डची क्लासिक ५०० पेगॅसस. दुसऱ्या महायुद्धात विमानातून छत्रीने उतरवलेल्या 'फ्लाइंग फ्ली' या छोट्या फटफटीची आठवण म्हणून २०१८ साली ही गाडी काढली. जगभरासाठी १,००० आणि त्यातल्या भारतासाठी २५०. प्रत्येक टाकीवर क्रमांक. रस्त्यावर येईपर्यंत किंमत अडीच लाखांच्या घरात. २५ जुलै २०१८ रोजी विक्री सुरू झाली आणि २५० गाड्या १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आत, संपल्या.

पुढची गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, नव्हती. त्यानंतर थोड्याच महिन्यांत कंपनीने आपल्या साध्या क्लासिक गाड्यांना एबीएस द्यायला सुरुवात केली. सर्वांत महागाची, सर्वांत दुर्मीळ गाडी घेणारा मागे राहिला. काही मालक इतके चिडले की गाडीसोबत मिळालेल्या वस्तू त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकून निषेध केला.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टाकीवरचा नंबर बदलत नाही, पण बाजूला नवीन मॉडेल येतच राहते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आला आणि एनफिल्डचे ५०० सीसीचे जुने इंजिन भारतात बंद झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी एका दिवसात हजारो रुपयांनी स्वस्त झाली, की जुन्या गाडीचे गिऱ्हाईकही तेवढेच खाली मागते. त्यात गाडीच्या मालकाचा दोष काहीच नसतो.

दुर्मीळ दोन प्रकारचे

"मग आरएक्स १०० चा भाव कसा वाढला?" असे पोरे विचारतात. प्रश्न रास्त आहे. यामाहा आरएक्स १०० ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात निघाली. ती लिमिटेड एडिशन नव्हती. पोलीस ठाण्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांकडे होती. धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक गाड्यांचे दिवस संपले. वापरून, मोडून, भंगारात जाऊन गाड्या कमी झाल्या, पण तिच्यावर जीव असलेली माणसे कमी झाली नाहीत. तीच गोष्ट म्हैसूरला बनणाऱ्या जावा-येझदीची. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी येझदी उघडून पुन्हा जोडणारे मिस्त्री अजून सापडतात.

राजदूत ३५० चे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९८३ साली आलेली ही गाडी त्या काळी पेट्रोल फार पिते आणि सुटे भाग महाग म्हणून लोकांनी नाकारली. काही वर्षांतच ती बंद झाली. आज तिचे शौकीन तिला शोधत फिरतात. मात्र नवीन गाडी घेतलेल्या पहिल्या मालकांपैकी बहुतेकांनी ती पडत्या भावात विकून टाकली होती. भाव वाढला तो त्यांच्या हातून गाडी गेल्यावर.

म्हणजे दुर्मीळपण दोन प्रकारचे. एक कंपनीने नंबर घालून केलेले, दुसरे काळाने केलेले. आपल्या जिल्ह्यातला अलिबागचा पांढरा कांदा घ्या. त्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाच्या आधीही गिऱ्हाईक माळ हातात घेऊन चार पैसे जास्त देतच होते. का? तर खाणाऱ्याला त्याची चव हवी होती. एखादे जुने भाताचे वाण गावात एकाच शेतकऱ्याकडे उरले आणि तो तांदूळ मागणारा कोणी नसेल, तर गिरणीवर त्याला साध्या भाताचाच भाव मिळतो. कमी असणे वेगळे आणि हवे असणे वेगळे.

नुसती कथाही पुरत नाही. विक्रांत ही युद्धनौका मुंबईत मोडल्यावर तिचे पोलाद घेऊन बजाजने २०१६ साली व्ही-१५ ही गाडी काढली. पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचा धातू. अभिमानाची गोष्ट. पण गाडी हवी तेवढी बनली आणि गावोगाव विकली गेली. कथा मोठी असली तरी सेकंडहँड बाजारात किंमत ठरते ती दीडशे सीसीच्या वापरलेल्या गाडीचीच.

परदेशात जुन्या मोटारसायकली कोटींना जातात हेही खरे आहे. व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग नावाची एक ब्रिटिश गाडी जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत लिलावात ९,२९,००० डॉलरला गेली. पण ती शर्यतीसाठी बांधलेल्या मोजक्या गाड्यांपैकी एक होती आणि तिच्या नावावर वेगाचा विक्रम होता. तिच्याशी आपल्या शोरूममधल्या गाडीची तुलना करू नये.

आता हिशेब

समजा शोरूममध्ये गाडीची किंमत २ लाख रुपये आहे. विमा कंपन्या गाडीची किंमत ज्या तक्त्याने धरतात, त्यात दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३० टक्के, चौथ्या वर्षी ४० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरली जाते. म्हणजे पाचव्या वर्षात गाडी चोरीला गेली तर दाव्याचा हिशेब १ लाखावर होतो. तो तक्ता टाकीवरचा नंबर विचारत नाही.

तेच २ लाख ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवले तर पाच वर्षांनी सुमारे २ लाख ८० हजार होतात. त्यामुळे पाच वर्षांनी गाडी २ लाखांना विकली गेली तरी "भाव टिकला" असे म्हणता येत नाही. रस्ता कर, विम्याचे हप्ते, बॅटरी आणि टायर यांचा खर्च आणखी वेगळा. गाडी कर्जावर घेतली असेल तर व्याज उलट्या बाजूने चालते.

हाच हिशेब आरएक्स १०० ला लावू. समजा कोणी १९९० साली २० हजारांना ती घेतली आणि आज लाखाला विकली. पाचपट झाले म्हणून गावभर चर्चा होईल. पण २० हजार रुपये ८ टक्क्यांनी ३५ वर्षे ठेवले असते तर सुमारे २ लाख ९५ हजार झाले असते. सोने १९९० साली दहा ग्रॅमला सुमारे ३,२०० रुपये होते. २० हजारांत सहा तोळे आले असते, आणि २०२५ मध्ये एक तोळाच लाखाच्या वर गेला. अर्थात ती गाडी ज्याने वापरली त्याला तिने पस्तीस वर्षे चाकरी दिली, आणि खरा मोबदला तोच.

इथेच लिमिटेड एडिशनची गोची आहे. शौकीन गिऱ्हाईक कमी चाललेली, मूळ रंगाची, ओरखडा नसलेली गाडी मागते. म्हणजे गाडी वापरली तर भाव जातो, आणि न वापरता ठेवली तर गाडीच जाते.

आपला पाऊस आणि आपली पडवी

हे आपल्या भागाला जास्त लागू आहे. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस. उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज चढतो, निकेल उडते, साखळी जाम होते. पडवीत भाताच्या पोत्यांशेजारी गाडी ठेवली की उंदीर वायरिंग कुरतडतात. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला तर आत दमट हवा कोंडते, त्यापेक्षा हवा खेळणारे कापडी आच्छादन बरे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. जुनी कार्ब्युरेटरची गाडी पावसाळाभर उभी ठेवायची तर कार्ब्युरेटर रिकामा करावा, रबरी नळ्या तपासून घ्याव्यात.

सुट्या भागांचे दुखणे तर शेतकऱ्याला सांगायला नको. एचएमटी ट्रॅक्टरचा कारखाना बंद झाल्यावर एकेका भागासाठी किती हिंडावे लागते हे ज्याच्या दारात तो ट्रॅक्टर आहे त्याला विचारावे. लिमिटेड एडिशनचे इंजिनचे भाग मिळतील, पण त्या रंगाची टाकी, ती चिन्हे पुन्हा मिळणे कठीण. एकदा गाडी घसरली आणि टाकी दुसरी बसवली की खास गाडी साधी झाली.

घ्यायचीच असेल तर

हौसेला मोल नसते, आणि हौस करूच नये असे कोणी म्हणणार नाही. फक्त पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) इंजिन आणि चासी क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा. टाकीवरच्या नंबरावर जाऊ नये, टाकी बदलता येते. मूळ बिल आणि कंपनीचे कागद मागावेत.

२) गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

३) फॉर्म २९ व ३० भरून पेणच्या परिवहन कार्यालयात गाडी नावावर करावी. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. नुसत्या सह्या करून गाडी दिली आणि पुढे अपघात झाला तर पोलीस मूळ मालकाच्या दारात येतात. ग्रामसेवक व पोलीस पाटलांनी ही गोष्ट ग्रामसभेत जरूर सांगावी.

४) खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. जुनी गाडी घेताना हा खर्च भावातून वजा करावा.

५) "विंटेज करून घेऊ" या बोलण्याला भुलू नये. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी लागते, नवी नोंदणी २० हजार रुपयांना पडते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

६) मोबदल्याचा किंवा पिकाचा पैसा आधी शेत, घर, शिक्षण आणि ठेव यांत लावावा. त्यातून उरेल तेवढ्यात हौस करावी.

बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. शिंगाला किती रंग लावलाय यावरून बैलाची किंमत कोणी करत नाही. मोटारसायकलीचेही तसेच आहे. पाळीला वेळेवर पोचवणारी, गावच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणारी, कागद चोख असलेली गाडी घरात असावी. दहा वर्षांनी ती कितीला गेली हे मग फारसे महत्त्वाचे उरत नाही, कारण तोवर तिने आपली किंमत कामातून फेडलेली असते.