लोकरीच्या व्यापाऱ्याची गढी

इंग्लंड आणि वेल्स यांच्या सरहद्दीवर, श्रॉपशायर परगण्यातील लडलो नगरापासून काही मैलांवर स्टोकसेची गढी उभी आहे. आणि ती बांधणारा लॉरेन्स हा कोणी सरदार नसून लोकरीचा गर्भश्रीमंत व्यापारी होता, हे ध्यानी घेतल्यावाचून त्या वास्तूचे मर्म उकलत नाही. १२८१ च्या सुमारास त्याने ही मालमत्ता खरेदी केली, पहिल्या एडवर्ड राजाने वेल्सचा मुलूख जिंकून घेतल्यामुळे सरहद्द शांत होत असता बांधकाम पुढे नेले, आणि १२९१ मध्ये तटबंदीचा राजपरवाना मिळविला. पण तीनच वर्षांत, लोकर घेऊन जाणाऱ्या जहाजासह, तो समुद्रात बुडाला.

खंदक होता, बुरूज होते. परंतु दिवाणखान्याच्या उंच, प्रशस्त खिडक्या पाहिल्या म्हणजे, ज्याला वेढ्याची खरी धास्ती आहे तो भिंतींना एवढी भगदाडे ठेवील काय, असा प्रश्न पडतो. माझ्या मते येथील तटबंदीत संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेचा भाग अधिक होता. त्या दिवाणखान्याच्या मधोमध अष्टकोनी अग्निस्थान आहे, त्याला धुराडे नाही. आणि कोपऱ्यातून वर जाणाऱ्या मूळच्या जिन्याची एकेक पायरी अखंड ओंडक्यातून तासलेली आहे. सुतारांचे ते काम मला बुरुजांहूनही मोलाचे वाटते.

सतराव्या शतकात लाकडी देवडी उभी राहिली, तिच्यावर आदम आणि हव्वा कोरले गेले. लवकरच यादवी युद्ध पेटले. १६४५ मध्ये पार्लमेंटच्या फौजेसमोर गढीने न लढता शरणागती पत्करली, म्हणून तटाची भिंत पुढे पाडली गेली तरी घर मात्र वाचले. त्यानंतर भाडेपट्ट्याने राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या काळात दिवाणखान्याचे कोठार झाले, आणि गढीत पिंपे बनविणाऱ्याचा कारखाना चालू लागला.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सेस स्टॅकहाउस ॲक्टन या विदुषीने मालकांच्या मागे लागून डागडुजी करविली. पुढे १८६९ मध्ये जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट या हातमोज्यांच्या व्यापाऱ्याने गढी विकत घेतली, आणि जुन्याच्या जागी नवे मिरविण्याचा मोह आवरून, जे पडू पाहत होते तेवढेच सावरले. स्वतःसाठी हवेली बांधली ती मात्र दुसरीकडे. त्याच्या वंशजांनी हाच संयम पाळला, म्हणूनच १९९२ मध्ये राष्ट्रीय वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या हाती गढी आली तेव्हा लॉरेन्सचा दिवाणखाना बहुतांशी शाबूत होता.